टीबीच्या रुग्णाचे ‘मीठ’ उतरते तेव्हा

२५ डिसेंबर जवळ आला की खंडाळा-लोणावळ्यापासून देहूरोडपर्यंतच्या आपल्या वस्त्यांत गडबड सुरू होते. १९५४ साली याच दिवशी बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली. तेव्हापासून आपली माणसे दरवर्षी तिथे जातात. खंडाळ्याच्या एका वस्तीतले आबाही लोणावळ्याहून सकाळची लोकल धरून जाणारे. एका बंगल्यावर माळीकाम करतात, वय साठीच्या आतले. काही वर्षांपूर्वी त्या दिवशी पहाटे उठून त्यांनी पांढरा सदरा घातला, पण बटणे लावता येईनात. वरचे बटण खालच्या काजात घालायचे, काढायचे, पुन्हा तसेच. सुनेने विचारले, “आबा, बरं वाटत नाही का?” तर तिच्याकडे बघून म्हणाले, “तू कोण?”

आबांना फुप्फुसाचा टीबी निघून तीन आठवडे झाले होते. सरकारी गोळ्या चालू होत्या, खोकला थोडा उतरला होता. पण आठ दिवसांपासून मळमळ होती, डोके दुखत होते आणि चालताना झोक जात होता. घरच्यांना वाटले, गोळ्या ‘गरम’ पडल्या. लघवी लालसर होत होतीच, त्यामुळे संशय पक्का झाला. मग सगळे आबांच्या मागे लागले की पाणी प्या, भरपूर प्या. दिवसाला चार-साडेचार लिटर पाणी, वर नारळपाणी आणि ताक. जेवण मात्र दोन घास.

त्या सकाळी शेजारच्या एकाने आबांचे तोंड हुंगून पाहिले. आबा आयुष्यात कधी प्यायलेले नाहीत. दुसऱ्याने हळूच सुचवले की ‘बाहेरचं’ असेल, अंगारा लावून बघा. बावीस प्रतिज्ञा म्हटलेल्या वस्तीत हे बोलणे अजून ऐकू येते, हे लिहिताना आम्हाला लाज वाटते, पण खरे ते लिहिले पाहिजे. घरच्यांनी अंगारा लावला नाही. जवळच्या एका दवाखान्यात नेले. तिथे अशक्तपणा आहे म्हणून ग्लुकोजची बाटली चढवली आणि घरी पाठवले. रात्री आबांना झटका आला. १०८ बोलावली, आणि पहाटेपर्यंत ते पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात होते. तिथल्या पहिल्याच रक्ततपासणीत कारण सापडले. रक्तातले सोडियम ११४ होते. ते १३५ ते १४५ च्या दरम्यान असायला हवे.

हा प्रकार आम्ही जवळून पाहिला. त्यानंतर वस्तीत ज्याला ज्याला सांगितले त्याचा एकच प्रश्न होता, ‘टीबी छातीत, मग मीठ रक्तातले कसे कमी होते?’ प्रश्न रास्त आहे.

सोडियम म्हणजे आपल्या मिठातला मुख्य घटक. पण रक्तातले सोडियम कमी झाले याचा अर्थ अंगातले मीठ संपले असा दर वेळी नसतो. पातेल्यात आमटी आहे आणि मीठ बरोबर पडले आहे. कोणी त्यात दोन तांबे पाणी ओतले तर आमटी अळणी लागते. मीठ गेले कुठे? कुठेच नाही, पाणी वाढले. फुप्फुसाच्या टीबीत बहुतेक वेळा हेच होते.

आपल्या अंगात पाणी किती ठेवायचे आणि किती लघवीवाटे सोडायचे, याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेल्या एका लहान ग्रंथीतून सुटतो. तिथून एक संप्रेरक रक्तात येते आणि मूत्रपिंडांना सांगते, ‘पाणी धरून ठेवा.’ उन्हात काम करून घाम गेला, पाणी प्यायला मिळाले नाही, की हा हुकूम सुटतो, लघवी कमी आणि गडद होते. पोटभर पाणी प्यायलो की हुकूम थांबतो आणि जास्तीचे पाणी बाहेर पडते. फुप्फुसाला टीबी, न्यूमोनिया असा मोठा आजार झाला की ही व्यवस्था बिघडते. अंगात पाणी पुरेसे असूनही हुकूम चालूच राहतो. १९७० साली डॉक्टरांनी अशा एका रुग्णाच्या टीबीने बाधित फुप्फुसाच्या तुकड्यातच पाणी धरून ठेवणारा पदार्थ सापडल्याचे प्रसिद्ध केले होते. मळमळ हीसुद्धा हा हुकूम सोडणारी मोठी गोष्ट आहे. म्हणजे आबांच्या अंगात पाणी सोडण्याचे दार टीबीने आणि मळमळीने आधीच बंद केले होते, आणि घरचे प्रेमाने वरून पाणी ओतत होते. त्या ग्लुकोजच्या बाटलीनेही तेच केले. त्यातली साखर शरीर वापरून टाकते, मागे उरते ते नुसते पाणी.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. पाणी बाहेर टाकायला मूत्रपिंडांना अन्नातून आलेले मीठ आणि डाळ-अंड्यांतल्या प्रथिनांचा उरलेला भाग लागतो. नुसते पाणी ती एका मर्यादेपलीकडे टाकू शकत नाहीत. जो रुग्ण चहा, पेज आणि पाणी एवढ्यावर दिवस काढतो, त्याचे सोडियम उतरायला हेही कारण पुरते. आपल्या घरात आजारी माणसाला पहिल्यांदा काय मिळते, तर पेज. वाईट काही नाही, पण महिनाभर तेवढेच नको.

लालसर लघवीचे कोडेही इथेच सोडवू. टीबीच्या गोळीत रिफाम्पिसिन नावाचे औषध असते. त्याचा स्वतःचा रंग नारिंगी-लाल आहे. तो लघवीत, घामात, डोळ्यांच्या पाण्यातही उतरतो. त्याचा उष्णतेशी संबंध नाही आणि पाणी पिऊन तो घालवण्याची गरजही नाही. गोळी चालू केल्यापासून असा रंग आला तर घाबरायचे नाही. मात्र डोळ्यांचे पांढरे पिवळे दिसू लागले, उलट्या होऊ लागल्या आणि लघवी चहासारखी काळपट झाली तर ती कावीळ असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे.

हा प्रकार किती जणांना होतो? उपचार सुरू न झालेल्या फुप्फुसाच्या टीबीच्या रुग्णांवर १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहांतल्या साधारण एकाचे सोडियम कमी आढळले. बहुतेकांत ते थोडेच कमी असते, १३० ते १३४. त्यांना काही जाणवतही नाही. टीबी मेंदूच्या आवरणाला झाला असेल तर मात्र हे प्रमाण निम्म्याच्या आसपास जाते. म्हणून सरसकट प्रत्येक रुग्णाच्या घरी घबराट व्हायला नको. पण १२५ च्या खाली आकडा गेला की धोका खरा आहे.

धोका मेंदूला असतो. रक्त पातळ झाले की पाणी पेशींच्या आत शिरते आणि पेशी फुगतात. हाताची पेशी फुगली तर जागा आहे. मेंदू कवटीत बंद आहे, त्याला फुगायला जागा नाही. म्हणून आधी मळमळ आणि डोकेदुखी, मग सुस्ती, तोल जाणे, चिडचिड, विसरणे, भलतेच बोलणे, आणि शेवटी झटके किंवा बेशुद्धी. हे हळूहळू आठवड्यांत झाले तर मेंदू थोडे जुळवून घेतो, झपाट्याने झाले तर घेत नाही. आबांच्या बटणांपाशी आम्ही सगळे थांबलो असतो, तर झटक्यापर्यंत वेळ गेली नसती. आठ दिवस त्यांचा तोल जात होता आणि आम्ही सारे ‘अशक्तपणा’ म्हणत होतो.

आता तुम्ही म्हणाल, मग सोपे आहे, पाणी कमी द्यायचे आणि मीठ जास्त. तसे घरी करू नका. कारण टीबीत सोडियम दुसऱ्या वाटेनेही उतरते आणि त्या वाटेचा उपचार अगदी उलटा आहे. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. अंगात मीठ टिकवणे आणि रक्तदाब सांभाळणे हे त्यांचे काम. लंडनचे डॉक्टर थॉमस अॅडिसन यांनी १८५५ साली या ग्रंथी निकामी झालेल्या रुग्णांचे वर्णन केले, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या ग्रंथी टीबीनेच खाल्ल्या होत्या. अशा रुग्णाच्या अंगातून मीठ आणि पाणी दोन्ही वाहून जाते. उठून उभे राहिले की अंधारी येते, वजन घटत जाते, खारट खावेसे वाटते, हिरड्या आणि तळहाताच्या रेषा काळवंडतात. याचे पाणी तोडले तर तो दगावू शकतो. त्याला सलाईन आणि स्टिरॉइडचे औषध लागते. त्यात गंमत अशी, की रिफाम्पिसिनमुळे यकृत हे संप्रेरक जास्त वेगाने मोडून टाकते. म्हणून ग्रंथी आधीच अर्धवट निकामी असतील तर गोळ्या सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत रुग्ण अचानक खालावू शकतो. दोष गोळीचा नसतो आणि ती सोडायचीही नसते, जोडीला दुसरे औषध द्यावे लागते.

याखेरीज उलट्या-जुलाब, रक्तदाबासाठी दिलेली ‘लघवी होण्याची गोळी’, फिट्सच्या आणि मनाच्या आजाराच्या काही गोळ्या, यांनीही सोडियम उतरते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्या. नावे पाठ असण्याची गरज नाही.

मोठ्या रुग्णालयात आबांच्या रक्ताबरोबर लघवीचीही तपासणी झाली. लघवीत मीठ किती जाते आहे, लघवी किती घट्ट आहे, यावरून पाणी साठले की मीठ वाहिले हे कळते. सकाळी आठच्या सुमारास रक्त घेऊन त्या टोपीसारख्या ग्रंथींचे काम तपासले. डोक्याचे सीटी स्कॅन झाले आणि मणक्यातून पाणी काढून मेंदूला टीबी नाही ना, हेही पाहिले. मणक्यातले पाणी काढायचे म्हटल्यावर आबांच्या मुलाने आधी सही करायला नकार दिला होता. माणूस पांगळा होतो, असे त्याने ऐकलेले. तसे होत नाही. मेंदूचा टीबी वेळेत कळला नाही तर मात्र माणूस हातचा जातो. तासाभराने त्याने सही केली.

आबांच्या मेंदूला टीबी नव्हता, ग्रंथीही ठीक होत्या. पाणी साठले होते. झटका येऊन गेल्यामुळे त्यांना सुरुवातीला तीव्र मिठाची सलाईन अगदी थोडी, मोजून दिली. घरच्यांची तक्रार होती की डॉक्टर फारच हळू चालले आहेत, दर काही तासांनी नुसते रक्त काढतात. पण हळू चालण्याला कारण आहे. बरेच दिवस उतरलेले सोडियम एकदम चढवले तर मेंदूच्या आतल्या भागातील मज्जातंतूंचे आवरण गळून पडते, बोलणे आणि हात-पाय कायमचे जाऊ शकतात. म्हणून चोवीस तासांत आठ-दहाच्या वर आकडा चढू द्यायचा नाही, असा दंडक आहे. आबांचा आकडा पहिल्या दिवशी ११४ वरून १२१ वर आला. त्या संध्याकाळी त्यांनी सुनेला नावाने हाक मारली.

पुढचे सारे काम पाणी मोजण्याचे होते. दिवसाला एक लिटर, आणि त्यात चहा, दूध, आमटीचे पाणी, गोळीबरोबरचा घोट, सगळे आले. घरी आल्यावर सुनेने एक चांगली युक्ती काढली. लिटरची रिकामी बाटली सकाळी भरून ठेवायची. चहा दिला की तेवढे कपभर पाणी बाटलीतून काढून झाडाला घालायचे. बाटलीत उरेल तेवढेच प्यायचे. तहान फार लागली तर तोंड खळखळून टाकायचे. ही मर्यादा आबांची होती, डॉक्टरांनी ठरवलेली आणि काही आठवड्यांपुरती. सगळ्या टीबी रुग्णांनी लिटरभरच पाणी प्यावे, असा अर्थ कोणी काढू नये. साध्या रुग्णाने तहानेपुरते प्यावे, हट्टाने नाही.

पण खरा इलाज टीबीच्या गोळ्या हाच. फुप्फुसातला आजार उतरला की तो चुकीचा हुकूम थांबतो आणि सोडियम आपोआप ठिकाणावर येते. बहुतेकांत काही आठवड्यांतच. म्हणून मळमळते म्हणून गोळ्या सोडणे हा सगळ्यांत वाईट मार्ग. त्रास झाला तर केंद्रावर जाऊन सांगा. गोळी थांबवायची की बदलायची, हे तिथे ठरू दे.

या निमित्ताने खंडाळ्याच्या हवेविषयीही बोलले पाहिजे. आपल्या गावाला थंड हवेचे म्हणून नाव आहे आणि हवापालट केल्याने छातीचे आजार बरे होतात, ही जुनी समजूत अजून टिकून आहे. औषधे नव्हती तेव्हा पैसेवाल्यांना डोंगरावरच्या सॅनेटोरियममध्ये पाठवत. स्ट्रेप्टोमायसिन सापडले ते १९४३ साली. पुढे मद्रासमध्ये गरीब, दाटीवाटीच्या घरांतल्या रुग्णांवर एक मोठा प्रयोग झाला. निम्म्यांना सॅनेटोरियममध्ये चांगले अन्न आणि विश्रांती देऊन औषधे दिली, निम्म्यांना त्यांच्या झोपडीतच औषधे दिली. १९५९ साली निकाल आला. घरी औषध घेणारेही जवळजवळ तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागणही झाली नाही. ज्या वस्त्यांना रोगाचे आगर म्हणून हिणवले जाई, त्या वस्त्यांतच टीबी बरा होतो, हे जगाला त्या प्रयोगाने दाखवले. उलट आपल्या घाटमाथ्यावरच्या पावसात आणि धुक्यात चार महिने खिडक्या लावून एका खोलीत सहा माणसे झोपतात, तिथे जंतूला रान मोकळे मिळते. सुरुवातीचे काही आठवडे रुग्णाने मास्क लावावा, एक तरी खिडकी उघडी असावी.

जेवणाकडे या. घरात असेल ती डाळ, शेंगदाणे, अंडी, सुकट, परवडेल तेव्हा मटण-चिकन. सुकटीत मीठही आहे आणि प्रथिनेही. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र विचारूनच. उपचार चालू असलेल्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून महिन्याला पैसे मिळतात. २०१८ साली ते ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले आहेत. बँक खाते जोडलेले नसेल तर ते येत नाहीत. हा रुग्णाचा हक्क आहे, आशाताईंकडून किंवा केंद्रावरून मागून घ्या.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या आजाराने आपल्याच घाणीत पडलेला एक भिक्खू तथागतांना दिसला, कोणी त्याच्याकडे बघत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले आणि भिक्खूंना एकमेकांची शुश्रूषा करायला सांगितले. हा भाग आपल्याला माहीत असतो. त्यापुढचा भाग कमी वाचला जातो. शुश्रूषा करायला सोपा रुग्ण कोणता, हे तिथे सांगितले आहे. जो प्रमाण जाणतो, औषध घेतो आणि आपला आजार वाढतो आहे, कमी होतो आहे की तसाच आहे, हे शुश्रूषा करणाऱ्याला जसेच्या तसे सांगतो. अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलेले हे तंत्र आजही डॉक्टरांना हवे असते. आबा आठ दिवस ‘काही नाही रे’ म्हणत राहिले. मुलाला रजा पडू नये म्हणून.

तर टीबीचा रुग्ण घरात असेल आणि त्याची मळमळ थांबत नसेल, डोके दुखत राहिले असेल, चालताना झोक जात असेल, सारखी झोप येत असेल, तर दोन दिवसांच्या आत केंद्रावर नेऊन सांगा, ‘सोडियम तपासा.’ ही साधी रक्ततपासणी आहे, तासा-दोन तासांत आकडा येतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, उदाहरणार्थ औंधच्या जिल्हा रुग्णालयात, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. भलतेच बोलू लागला, ओळखेनासा झाला किंवा झटका आला, तर वाट न बघता १०८. गाडी येईपर्यंत कुशीवर वळवून ठेवा. तोंडात पाणी, मीठ, चमचा काही घालू नका, कांदा आणि चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. गाडीतल्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा की टीबीच्या गोळ्या चालू आहेत आणि किती दिवस झाले. कोणी बाटली चढवायला निघाले तर रुग्ण टीबीचा आहे हे सांगा आणि सोडियम पाहिले का, एवढे विचारा. विचारण्यात उद्धटपणा नाही. टीबीविषयी काहीही विचारायचे असेल तर सरकारचा १८००-११-६६६६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे.

आबांचा सहा महिन्यांचा उपचार पूर्ण झाला. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी केलेल्या तपासणीत सोडियम १३७ आले, तेव्हा पाण्याचे माप डॉक्टरांनी उठवले. पुढच्या २५ डिसेंबरला ते लोकलने देहूरोडला गेले, सून बरोबर होती.